अ‍ॅडिरॉन्डॅकच्या रानात हरणाचा माग: तिरकमठ्याने शिकार करणाऱ्यांसाठी टेहळणी

बंदुकीवाल्याला डोंगराच्या एका उतारावर हरीण आहे एवढं कळलं तरी दिवस चालून जातो. तिरकमठेवाल्याला ते हरीण कोणत्या दोन झाडांमधून जाणार हे कळावं लागतं. बाण खात्रीने टाकण्याचं अंतर वीस-पंचवीस मीटर, त्यापुढे जनावर जखमी होऊन निघून जाण्याची भीती. म्हणून या शिकारीत बसण्याचे दिवस थोडे आणि त्याआधी हिंडण्याचे दिवस जास्त.

इथे लिहिलेलं सगळं न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या अ‍ॅडिरॉन्डॅक पार्कापुरतं आहे. भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ, सांबर, भेकर यांची शिकार हा गुन्हा आहे. तिथे माग काढायचा तो पाहण्यासाठी. न्यूयॉर्कातही परवाना लागतो. बंदुकीच्या शिकारीच्या शिक्षणाखेरीज तिरकमठ्याचं वेगळं प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय तिरकमठ्याच्या हंगामाची परवानगी मिळत नाही, आणि धनुष्याचा ताण किमान 35 पौंड असावा लागतो. उत्तर विभागाचा हा हंगाम गेली अनेक वर्षं 27 सप्टेंबरच्या सुमारास उघडतो आणि ऑक्टोबरअखेर बंदुका सुरू होतात. नेमक्या तारखा दरवर्षी राज्याच्या पर्यावरण संवर्धन विभागाच्या पुस्तिकेत पाहाव्यात.

रान किती आणि हरणं किती

पार्क साधारण 60 लाख एकरांचं, म्हणजे 24 हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा अहिल्यानगर जिल्हा 17 हजारांच्या घरात आहे, त्यावरून अंदाज घ्या. 1892 साली आखलेल्या या पार्काला फाटक नाही, तिकीट नाही. निम्म्याच्या आसपास जमीन सरकारी, उरलेली खासगी, आणि दोन्हींचे तुकडे गोधडीसारखे एकमेकांत शिवलेले. सरकारी जमिनीवरचं रान कायम रानच राहील, तिथलं लाकूड तोडलं किंवा विकलं जाणार नाही, हे 1894 साली राज्यघटनेतच लिहिलं गेलं.

हा इतिहास शिकाऱ्याच्या थेट कामाचा आहे. शंभर-सव्वाशे वर्षं तोड नाही म्हणजे माथ्यावर छत दाट, खाली ऊन नाही, आणि ऊन नाही तिथे हरणाच्या तोंडाच्या उंचीला पाला नाही. शेतं नाहीत. वर हिवाळ्याचा बर्फ. त्यामुळे व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीची इथली हरणं चौरस मैलाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतात. राज्याच्या दक्षिणेला मक्याच्या शेताकडेला शिकार शिकलेला माणूस इथे आला की हमखास फसतो, कारण तिथे हरीण कुठेही असू शकतं आणि इथे बहुतेक ठिकाणी ते नसतंच. टेहळणीचं मोठं काम म्हणजे कुठे नाही ते ठरवत जाणं.

नकाशावर खोडत जा

1:24,000 प्रमाणाचा उंचीरेषांचा नकाशा घ्या. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर 240 मीटर. जोडीला पानगळ झालेल्या दिवसांतलं उपग्रहचित्र. त्यात सदाहरित सूचिपर्णी गडद दिसतात आणि मॅपल, बीच, पिवळा बर्च ही पानगळी झाडं करडी. या दोहोंची सीमारेषा जिथे वाकडीतिकडी आहे तिथे पेन्सिलीने खूण करा. हरीण एका बाजूला खातं, दुसऱ्या बाजूला लपतं.

मग खोडायला घ्या. वाहनतळापासून आणि आखलेल्या पायवाटेपासून दीड किलोमीटरच्या आतला गर्दीचा पट्टा खोडा. हाय पीक्स या उंच शिखरांच्या बाजूला तर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी रंगीत पानं बघायला जत्रा लोटते. सपाट, एकसुरी, खुणेशिवाय पसरलेलं पानगळी रान खोडा: तिथे हरीण आलं तरी कुठूनही येतं आणि कुठूनही जातं. सरळसोट कडे खोडा. जे उरेल त्यात ही ठिकाणं शोधा:

- दोन टेकड्यांमधली खिंड, विशेषतः दोन्ही बाजूंना चढ उभा असेल तर
- उताराच्या मध्येच आलेली पायरीसारखी सपाटी. हरीण चढत-उतरत नाही, अशा सपाटीवरून आडवं चालतं
- बीव्हरने ओढा अडवून केलेली तळी, आणि बांध फुटून तळं आटल्यावर उगवलेलं कुरण
- तळं आणि चढ यांच्यात चिंचोळी राहिलेली कोरडी पट्टी
- सरकारी जमिनीची अशी हद्द जिच्या पलीकडे खासगी कंपनीने पाच-पंधरा वर्षांमागे झाडं तोडली आहेत

शेवटचं ठिकाण सोन्यासारखं. तोडीनंतर उगवलेला कोवळा पाला पलीकडे, म्हातारं रान अलीकडे. हरणं दिवसा अलीकडे येऊन बसतात. मात्र हद्द ओलांडायची नाही, आणि जखमी हरीण पलीकडे गेलं तर मालकाची परवानगी लागते. म्हणून हद्दीपासून किमान दीड-दोनशे मीटर आत बसण्याचा विचार करा.

सायमीज पॉन्ड्स किंवा वेस्ट कॅनडा लेक यांसारखे वाइल्डरनेस वर्गातले पट्टे लाख-लाख एकरांहून मोठे आहेत. तिथे मोटार नाही, सायकलही नाही. अख्खा पट्टा कुणालाच आवाक्यात येत नाही. नकाशावर पाच-सहा चौरस किलोमीटरचे तीन तुकडे निवडा आणि बाकीचं रान आहे हे विसरून जा.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट: या भागात होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेच्या साधारण 13 अंश पश्चिमेला असते. नकाशावर मोजलेल्या कोनात तेवढे मिळवा. मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, म्हणून नकाशे आधीच उतरवून घ्या आणि कागदाचाही जवळ ठेवा.

वसंतातली फेरी

एप्रिलअखेर बर्फ वितळतो आणि मेच्या मध्यापासून काळ्या माश्या फोडून काढतात. मधले दोन-अडीच आठवडे वर्षातले सर्वांत मोलाचे. झाडांना पानं नसतात, जमीन उघडी असते, गेल्या शरदातल्या खुणा बर्फाखाली जपून ठेवल्यासारख्या मिळतात. शिवाय तुमच्या वासाने आत्ता हरीण बिथरलं तरी सप्टेंबरपर्यंत विसरतं. मनसोक्त हिंडा, झुडपांत शिरा, बैठकीच्या जागेवर उभे राहून पाहा की तिथून हरणाला काय दिसतं.

नराने खोडावर शिंगं घासून साल सोललेली असते. इथे त्याला ‘रब’ म्हणतात. सोललेली बाजू ज्या दिशेला, त्या दिशेकडून नर आला होता. एकट्या रबला किंमत देऊ नका. ओळीने पाच-सात सापडले आणि त्यांची तोंडं एकाच बाजूला असली तर ती त्याची वाट. मनगटाएवढ्या किंवा त्याहून जाड खोडावर जुने काळपट व्रण आणि त्यावरच नवे घासे असतील, तर तिथे नर वर्षानुवर्षं येतात. ते ठिकाण जीपीएसमध्ये नोंदवा. झाडाला रंगीत फिती बांधू नका. त्या हरणापेक्षा दुसऱ्या शिकाऱ्याच्या जास्त कामाला येतात.

‘स्क्रेप’ म्हणजे नराने खुरांनी पाला बाजूला सारून उकरलेली उघडी माती, बहुधा डोक्याच्या उंचीला लोंबणाऱ्या फांदीखाली. त्या फांदीचं टोक चघळलेलं, मोडलेलं असतं. फांदीशिवायच्या उकिरीवर फार भरवसा ठेवू नये.

या फेरीतली सर्वांत मोठी चूक हिवाळी मुक्कामाची. बर्फ गुडघाभर चढला की हरणं कित्येक किलोमीटर चालून सखल भागातल्या हेमलॉक, स्प्रूस, बाल्सम या सूचिपर्णींच्या दाट छपराखाली कळपाने गोळा होतात. मूस रिव्हर प्लेन्सचा परिसर यासाठी जुना प्रसिद्ध आहे. एप्रिलमध्ये अशा जागी गेलात तर लेंड्यांचा सडा दिसतो, वाटा नांगरल्यासारख्या खोल दिसतात, आणि नवखा माणूस तिथेच मचाण ठरवून टाकतो. ऑक्टोबरात तिथे चिटपाखरू नसतं. ओळख सोपी आहे. हिवाळ्यातल्या लेंड्या काड्या खाऊन झालेल्या असतात: फिकट, कोरड्या, चुरडल्या की लाकडाच्या भुशासारख्या. उन्हाळा-शरदातल्या काळपट, मऊ, बऱ्याचदा एकमेकींना चिकटलेल्या. सूचिपर्णींखाली ढीगभर भुसा सापडला तर नकाशावर त्या जागेवरही फुली मारा.

पाला कुणी खाल्ला

हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते डहाळी कापत नाही, ओढून तोडतं, म्हणून टोक फाटलेलं, धागे निघालेलं दिसतं. सशाने खाल्लेली डहाळी सुरीने तिरकी छाटल्यासारखी असते. हॉबलबुश हे रुंद पानांचं झुडूप इथे सगळीकडे आहे आणि हरणांना आवडतं. एखाद्या भागातली हॉबलबुश गुडघ्याएवढीच खुरटलेली दिसली तर तिथे हरणांचा वावर नेहमीचा आहे. डोक्याच्या वर, सहा-सात फुटांवर मोडलेल्या फांद्या मात्र मूसच्या, म्हणजे हरणाच्याच कुळातल्या भल्यामोठ्या जनावराच्या. त्याचा खूरही हरणाच्या जवळजवळ दुप्पट, पाच-सहा इंचांचा. हरणाचा अडीच-तीन इंच. खुरामागच्या दोन टिकल्या उमटल्या म्हणजे नर, अशी समजूत आहे. ती चुकीची. मऊ चिखलात मादीच्याही उमटतात.

ऑगस्ट: मान वर करून

तिरकमठ्याचा हंगाम माजाच्या आधीचा. इथला माज नोव्हेंबरच्या मध्याला भरात येतो, त्यामुळे सप्टेंबरअखेरीचं हरीण मादीच्या नाही, पोटाच्या मागे असतं. त्या वर्षी कुठलं खाणं पिकलंय यावर सगळा खेळ.

या रानाचं मुख्य पीक म्हणजे बीचचं बी. 1960च्या दशकापासून सालीच्या रोगाने इथली मोठी बीच झाडं खचत गेली, तरी जी उरली ती महत्त्वाची. गुळगुळीत करड्या सालीवर फोड आणि भेगा असतील तर झाड रोगट, पीक बेताचं. निरोगी किंवा निमरोगी मोठी झाडं वसंतातच नोंदवून ठेवा आणि ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात 8 किंवा 10 पटीच्या दुर्बिणीने शेंडे तपासा. सूर्य पाठीमागे घ्या, एकेका झाडाला दोन मिनिटं द्या. काटेरी बोंडं झुबक्यांनी दिसली पाहिजेत. खोडावर अस्वलाच्या नखांचे जुने ओरखडे असतील तर हे झाड चांगलं पिकतं याची अस्वलाने दिलेली साक्षच ती.

पीक बहुधा एकाआड एक वर्ष भरघोस येतं, पण तो ठोकताळा आहे, पंचांग नव्हे. बोंडं दिसली तरी काम संपत नाही. सप्टेंबरात खाली पडलेलं तीन धारांचं बी उचला आणि नखाने दाबा. कवच चिमटलं, आत काहीच नाही, असं दहापैकी आठ बियांचं झालं तर ते झाड पोकळ पिकलंय. घट्ट लागलं, फोडल्यावर पांढरट गर निघाला, तर जागा पक्की धरा.

बीच नाही पिकला तर? मग हरणं पांगतात आणि काम अवघड होतं. बीव्हरची कुरणं, वादळात झाडं कोसळून ऊन शिरलेल्या जागा, जुन्या उजाड वाड्यांवरची सफरचंदाची झाडं, खासगी तोडीची हद्द, एवढंच हाती राहतं. आग्नेयेला लेक जॉर्जच्या बाजूला लाल ओक आहे, तिथे एकोर्नचं, म्हणजे ओकच्या फळांचं पीक स्वतंत्र पाहावं.

खाल्ल्याच्या खुणाही वेगवेगळ्या. हरीण पाला थोडा-थोडा उलटवतं, जागोजागी ओली काळी बाजू वर आलेली दिसते. अस्वल खोलीएवढी जागा लोळवून टाकतं. रानटी टर्की पंख्याच्या आकाराचा ओरखडा काढते.

कॅमेरे

जनावर समोरून गेलं की आपोआप चित्र टिपणारे, झाडाला बांधायचे कॅमेरे दोन-तीन पुरेत. छातीच्या उंचीला बांधू नका. अस्वलं चावतात, नर बुजतात. अडीच-तीन मीटरवर, खाली तिरपा, तोंड उत्तरेकडे, म्हणजे उन्हाने फुकट चित्रं निघत नाहीत. थंडीत लिथियमच्या बॅटऱ्या टिकतात. मोबाइलवर चित्र पाठवणारा कॅमेरा रेंजशिवाय नुसतं ओझं. सरकारी जमिनीवर कॅमेरा आणि मचाण लावण्याचे नियम त्या त्या वर्षी तपासा. आमिष म्हणून खाणं टाकणं तर राज्यभर बेकायदाच आहे. कॅमेऱ्यात रात्री दोनचा मोठा नर दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. स्क्रेपवरची बहुतेक वर्दळ रात्रीचीच असते. दिवसा उजेडी आलेला बारका नर त्याहून जास्त सांगतो.

सप्टेंबरची फेरी: एकदाच, भर दुपारी

आता वसंतातला मोकळेपणा संपला. हंगामाच्या आठ-दहा दिवस आधी, शक्यतो पाऊस पडणार असेल त्या दिवशी, सकाळी अकरा ते दुपारी दोन या वेळात जा. रबरी बूट घाला. हरणाच्या वाटेवरून चालू नका, काटकोनात ओलांडा, फांद्यांना हात लावू नका. रोज जाऊन बघितल्याने माहिती वाढत नाही, हरीण मात्र कमी होतं.

या फेरीत खुणा ताज्या आहेत का एवढंच पाहायचं. ताज्या ठशाच्या कडा धारदार असतात आणि तळ चकाकतो. एक पाऊस पडला की कडा गोलावतात, आत पान किंवा काडी पडलेली दिसते. रात्री पाऊस होऊन गेला असेल तर तुमचं नशीब: सकाळनंतरचं सगळं नवं. ताज्या रबचा कीस झाडाखाली पिवळट-पांढरा आणि ओलसर, चार-पाच दिवसांत तपकिरी. बाकी सगळं जुनं समजा.

मग झाड निवडा. इथे एक अडचण अशी, की सरकारी रानात बाणाला वाट मोकळी करण्यासाठी फांद्या तोडता येत नाहीत, खिळे ठोकता येत नाहीत. दुसरीकडे लोक आधी झाड निवडतात आणि मग छाटणी करतात. इथे आधी नैसर्गिक फट शोधावी लागते आणि मग तिला जुळणारं झाड. पद्धत अशी: हरणाच्या वाटेवर उभे राहा, छातीच्या उंचीवरून चहूबाजूंना पाहा, आणि जिथून तुमच्यापर्यंत अडथळ्याविना दोन-तीन खिडक्या मिळतात अशी 15 ते 20 मीटरवरची खोडं हेरा. 20 ते 40 सेंटिमीटर जाडीचं, सरळ, जिवंत खोड हवं. पाच-सहा मीटर चढायचं. मागे दुसरं खोड किंवा फांद्या असाव्यात, नाहीतर आकाशावर तुमची आकृती उठून दिसते. झाडावरून पडू नये म्हणून लावायचा सुरक्षेचा पट्टा जमिनीवरच बांधा आणि उतरेपर्यंत सोडू नका. झाडच जुळलं नाही तर कोसळलेल्या झाडाची उपटलेली मुळांची भिंत बघा. तिच्या आड जमिनीवर बसणं कितीतरी मचाणांपेक्षा सरस.

सप्टेंबरात पानं झाडावर असतात आणि ऑक्टोबरच्या मध्याला गळून जातात. आज जो आडोसा आहे तो पंधरा दिवसांनी नसेल. प्रत्येक तुकड्यात एक झाड पानांच्या दिवसांसाठी आणि एक हेमलॉक-स्प्रूसच्या आडोशाचं नंतरसाठी ठरवून ठेवा.

वारा

हवामानखात्याने सांगितलेला वारा डोंगरमाथ्याचा. दरीतला वेगळा. सकाळी थंड हवा जड होऊन उतरत असते. ऊन उतारावर आलं की तासाभरात ती वर चढू लागते. संध्याकाळी पुन्हा खाली. पूर्वेकडे तोंड असलेला उतार दुपारी चारलाच सावलीत जातो, म्हणजे तिथे हवा आधी उलटते आणि समोरच्या उतारावर नंतर. बीव्हरचं तळं खाली असेल तर संध्याकाळची सगळी हवा त्या खोलगटात जाऊन साचते. तळ्याकाठी हरीण येणार म्हणून वर उतारावर बसलेल्या माणसाचा वास नेमका तिथेच पोचतो.

हे पुस्तकी ज्ञान जागेवर तपासायला मिल्कवीडच्या दोन शेंगा खिशात ठेवा. आपल्या रुईच्याच कुळातलं झाड, आतली म्हातारीही तशीच. टाल्कम पावडर उडाली की दोन मीटरवर दिसेनाशी होते. म्हातारी तीस-चाळीस मीटर डोळ्यांनी पाठलाग करू देते. ठरवलेल्या झाडाखाली उभे राहून एकेक सोडा. ती आधी सरळ जाईल, मग एखाद्या खडकाशी गोल फिरून परत येईल, कधी ओढ्याच्या खाचेत ओढली जाईल. हरणाच्या वाटेवरून तरंगत गेली तर झाड बदला, वीस पावलं सरकल्यानेही काम होतं. ही तपासणी दुपारी करून संध्याकाळचा निष्कर्ष काढू नका. संध्याकाळी बसायचं असेल तर वसंतातल्या एका फेरीत संध्याकाळी पाचनंतर तिथेच थांबून म्हातारी सोडून ठेवलेली बरी.

प्रत्येक झाडापुढे वहीत दोन ओळी लिहा: कुठल्या वाऱ्याला बसायचं, आणि कुठल्या बाजूने जायचं. दुसरी ओळ लोक विसरतात. पहाटेच्या काळोखात हरणांच्या खाण्याच्या जागेतूनच चालत गेलात तर झाडावर चढण्यात अर्थ उरत नाही.

परतीचा हिशेब

पोट साफ केलेला मोठा नर 65-70 किलोंचा भरतो. हाडं काढली तर 25-30 किलो मांस, म्हणजे दोघांच्या पाठीवरची सोय किंवा एकट्याच्या दोन खेपा. सप्टेंबरअखेरीस दुपारचं तापमान 20 अंशांच्या वरही जातं, आणि मांस काही तासांतच बिघडू लागतं. म्हणून टेहळणीच्या दिवशी झाडापासून गाडीपर्यंत परतीची वाट ओझं आहे असं समजून चाला: ओढा कुठे ओलांडता येतो, कोसळलेल्या झाडांचा पट्टा कुठून टळतो, सावलीतली थंड जागा कुठे आहे. मुक्काम करणार असाल तर तंबू रस्ता, पायवाट आणि पाण्यापासून किमान 150 फूट दूर लागतो. एकाच जागी तीन रात्रींपेक्षा जास्त राहायचं तर वनरक्षकाचा परवाना घ्यावा लागतो. घरी परतल्यावर कंबरेच्या पट्ट्याखाली आणि गुडघ्यामागे गोचीड पाहा. नुसत्या खाजेसाठी नाही, तिच्या चाव्याने होणाऱ्या लाइम रोगासाठी.

ज्या झाडापासून गाडीपर्यंत पोचायला मोकळ्या पाठीनेच तीन तास लागतात, ते झाड कितीही चांगलं असलं तरी थंडी पडेपर्यंत वहीतच राहू द्या.